कोपर्निकसची खोली ५.९ किमी येतेय, कुठे चुकतंय? (मदत हवी आहे)

गच्चीवरचा_चंद्र
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. चंद्रावरच्या विवरांची खोली सावलीवरून मोजून यादी करायला घेतलीय. पंचवीस विवरं ठरवली आणि पहिल्यालाच गाडी अडली. कोपर्निकसची खोली सगळीकडे ३.८ किमी दिलीय, माझी येते ५.९. तीनदा केलं. सावली गुणिले सूर्याच्या उंचीचा टॅन, एवढंच तर आहे! कड्याची सावली ३६ किमी, सूर्य तिथल्या क्षितिजापासून ९.३ अंश वर. रविवारी ग्रुपला दाखवायचंय, लवकर सांगा.

निशाचर
दुर्बीण कुठली? फोटो कशाने काढला? ३६ किमी आणले कुठून? काहीच लिहिलं नाहीत, आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

बार्लोबहाद्दर
बार्लो लावा, चित्र मोठं करणारं जादा भिंग. मी २एक्स बार्लो घेतल्यापासून सावलीची कड अशी सुरीने कापल्यासारखी दिसते. बार्लोशिवाय मोजमाप म्हणजे अंदाजपंचे.

खडूस_काका
मुळात मोजायचं काय राहिलंय? नासाच्या एलआरओ यानाने २००९ पासून लेसरने अख्खा चंद्र मोजून ठेवलाय. क्विकमॅप हा चंद्राचा ऑनलाइन नकाशा उघडा, विवरावरून रेघ ओढा, छेद समोर. पाच मिनिटांचं काम.

गच्चीवरचा_चंद्र
काका, क्विकमॅप मलाही माहीत आहे. हरिश्चंद्रगडाचे फोटो नेटवर आहेत म्हणून नळीच्या वाटेने जायचं कुणी थांबलंय का?
@निशाचर, सहा इंची डॉब दुर्बीण, मोबाइल आयपीसला (डोळा लावतो त्या भिंगाला) लावून. विवराचा व्यास ९३ किमी, तो फोटोत २१४ पिक्सेल भरला. सावली ७५ पिक्सेल, म्हणजे ३२.६ किमी. तिरकं दिसतं त्याची दुरुस्ती करून ३६.

अर्धचंद्र
सापडलं! ९३ किमी कुठल्या दिशेने मोजले? कोपर्निकस २० अंश पश्चिमेला आहे, तिथे पूर्व-पश्चिम व्यास दबलेला दिसतो. तुमचं स्केलच चुकलंय. पैज लावतो.

निशाचर
पैज हराल. २० अंशांवर दबून दबून किती दबेल? सहा टक्के. ५.९ चे ५.५ होतील, ३.८ कसे होणार?

गच्चीवरचा_चंद्र
उत्तर-दक्षिणच घेतलाय हो. एवढं कळतं.

मोदकप्रेमी
धागा वाचून उत्सुकता वाटली. या दुर्बिणीतून विक्रम लँडर दिसेल का? मुलाला दाखवायचं आहे.

निशाचर
नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून नाही. जागा साधारण ६९ अंश दक्षिणेला आहे, तेवढा भाग दाखवा.

सह्यवासी
विक्रमवरून आठवलं. यादीत साराभाई विवर घ्याच! इस्रोने २०२० मध्ये चांद्रयान-२ चे फोटो दिले होते, खोली १.७ किमी. आपल्या माणसाचं विवर सोडून कोपर्निकस कशाला?

निशाचर
भावना पोचल्या. पण साराभाई आठ किलोमीटरचं. यांच्या फोटोत जेमतेम १८ पिक्सेल भरेल. त्यात सावली एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे धरली की खोली बोंबलली.

बार्लोबहाद्दर
म्हणूनच म्हणतोय, बार्लो.

चांदणचुरा
सगळे सावलीच्या मागे लागलेत. सूर्य ९.३ अंश हे कुठल्या जागेसाठी आणि किती वाजताचं? ते अजून कुणीच विचारलेलं नाही.

गच्चीवरचा_चंद्र
शुक्ल दशमी, रात्री ८:४०. सॉफ्टवेअरमध्ये तारीख-वेळ टाकली, पूर्व कड्याचे अक्षांश-रेखांश टाकले, त्याने ९.३ दिले. वेळेचा आणि खोलीचा काय संबंध? विवर काय तासातासाला खोल होतं का?

चांदणचुरा
विवर नाही, पण सूर्य वर चढतो ना. तासाला साधारण अर्धा अंश. आता खरं सांगा, ८:४० टाकलेत की ३:१०? ही सॉफ्टवेअरं बहुतेक जागतिक वेळेवर चालतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. म्हणजे सूर्य पावणेतीन अंश फुकटचा वर गेला.

गच्चीवरचा_चंद्र
आईशप्पथ. २०:४० टाकले होते.

अर्धचंद्र
मला वेळेचाच संशय होता.

गच्चीवरचा_चंद्र
१५:१० टाकून केलं. सूर्य ६.५५ अंश, खोली ४.१३. बरंच खाली आलं, पण अजूनही ३०० मीटर जास्त.

सह्यवासी
गॅलिलिओने १६१० मध्ये चंद्रावरचे डोंगर मोजले होते, तेही साध्या नळीतून. अंधारात चमकणारी शिखरं प्रकाशाच्या सीमेपासून किती लांब आहेत त्यावरून.

खडूस_काका
इथे कुणी गॅलिलिओबद्दल विचारलं? असो.
४.१ बरोबर आहे, चंद्र सपाट असता तर. ३६ किमी सावली म्हणजे वाटेत जमीन वाकते. सावलीचा वर्ग करा, चंद्राच्या व्यासाने भागा: १२९६ भागिले ३४७४, ०.३७ किमी. तेवढे वजा करा. मात्र सूर्याची उंची कड्यावरचीच हवी, ती तुम्ही घेतलीय. विवराच्या मध्यावरची घेतली असतीत तर दीडएक अंशाने कमी आली असती, मग पुन्हा इथेच रडत आला असता. कॉलेजात असताना हे आम्ही लॉग टेबलं घेऊन करायचो. एका विवराला एक अख्खी रात्र.

निशाचर
काका, मघाशी तर म्हणत होतात मोजायचं काय राहिलंय?

खडूस_काका
मोजू नका असं म्हणालो नाही.

गच्चीवरचा_चंद्र
३.७६!!! काका, चांदणचुरा, दंडवत. आता उद्या टायको उरकतो.

चांदणचुरा
उरकू नका, थांबा. टायको ४३ अंश दक्षिणेला, तिथे उत्तर-दक्षिण दबलेलं असतं. स्केलसाठी पूर्व-पश्चिम व्यास घ्या. आणि सावलीचं टोक सपाट तळावर पडलंय का ते आधी बघा. सूर्य फार वर असला की टोक कड्याच्या आतल्या पायऱ्यांवरच राहतं, मग खोली कमी येते. फार खाली असला की मधल्या शिखरावर नाहीतर समोरच्या भिंतीवर चढतं.
यादीत नुसती खोली लिहू नका. तारीख, जागतिक वेळ, कुठला कडा, टोक कुठे पडलं, हे सगळं हवं. तुमचे ३.७६ हे पूर्व कड्यापासून त्या टोकापर्यंतचे आहेत, अख्ख्या विवराचे नाहीत.

गच्चीवरचा_चंद्र
मग पश्चिम कडा कसा मोजायचा?

चांदणचुरा
तिथे सूर्य मावळायला टेकला की. कोपर्निकससाठी वद्य नवमीच्या आसपास, पहाटे चारला गच्चीवर.

गच्चीवरचा_चंद्र
बायकोला विचारून सांगतो.

बार्लोबहाद्दर
बार्लोचं काय ठरलं मग?