नाताळचा ब्रेड हवाय, केक नको. नाशकात कुठे?

गंगापूररोडकर
आमच्या बिल्डिंगमध्ये नाताळला तोच प्लम केक चार घरं फिरून परत आपल्याच दारी येतो. यंदा भाचा आणि त्याची जर्मन बायको येतायत, तिचा भारतातला पहिला नाताळ. तिच्यासाठी श्टोलन, म्हणजे जर्मनीतला नाताळचा सुक्यामेव्याचा ब्रेड, ठेवायचा विचार आहे. गेल्या वर्षी एका बेकरीतून हौसेने आणला होता, तर वर पिठीसाखर भुरभुरलेला साधा टूटीफ्रूटी केक निघाला! खरा कसा ओळखायचा? आई अंडं खात नाही, हेही बघायचंय. नाहीतर इटलीतला नाताळचा गोड ब्रेड, पानेत्तोने, चालेल का?

खमीर_आणि_मी
पानेत्तोने आईंसाठी बाद. त्यात अंड्याचा बलक भरपूर असतो. शिवाय तो नीट करायचा तर जिवंत खमीर लागतं आणि भाजल्यावर बसू नये म्हणून उलटा टांगून गार करावा लागतो. एवढा व्याप इथे किती जण करतील? मॉलमधला डब्यातला आणा, हौस भागते.

श्टोलन मात्र बिनअंड्याचा होऊ शकतो. मैदा, यीस्ट, दूध, रममध्ये भिजवलेले बेदाणे, बदाम, पाकवलेली संत्र्याची साल आणि लोणी, तेही हात आखडता न घेता. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराची ही खासियत. पूर्वी नाताळाआधीच्या उपासात लोणी वर्ज्य होतं, त्यामुळे हा ब्रेड तेलावरच व्हायचा आणि रुक्ष लागायचा. १४९१ मध्ये पोपने सवलत दिली तेव्हा लोणी आलं. आपल्या उपासाच्या सवलतींपुढे हे काहीच नाही म्हणा.

बेकरीत एवढंच विचारा: यीस्टचा आहे का बेकिंग पावडरचा? आणि साल संत्र्याची का टूटीफ्रूटी? टूटीफ्रूटी म्हणजे रंगवलेली कच्ची पपई. "सगळं एकच असतं" असं उत्तर आलं की दुकानातून काढता पाय घ्या. कापल्यावर केकसारखा भुगा झाला तरी समजा, गंडलात.

चहापाव
रम घातलेली आईंना चालते का ते आधी विचारा भाऊ. अंड्यापेक्षा तो प्रश्न मोठा.

गंगापूररोडकर
विचारलं. म्हणाली, "भाजल्यावर उडून जाते ना? मग झालं."

देवळालीकर_ताई
पूर्ण नाही हो उडत, पण आईंना सांगू नका. 😄

दिवाळीत नानकटाईचं सामान घेऊन भट्टीवर जातो ना, तसं करा. मी दोन वर्षं श्टोलनचं पीठ घरी मळून देवळाली कॅम्पातल्या भट्टीवर नेते. पाव काढल्यावर भट्टीची आच उतरते, तेव्हाच आपला नंबर लावायचा. नानकटाई, टोस्ट त्याच उतरत्या आचेवर होतात. पावाच्या आचेत घातलात तर साखर-बेदाणे वरून जळून आत कच्चं राहणार. पहिल्या वर्षी माझा तसाच झाला, भट्टीवाल्या चाचांनी मान हलवून मला पावाची लादीच हातात दिली.

आणि आपल्याकडच्या डिसेंबरात पीठ लवकर फुगत नाही. थंडी पडली की तासाभराचं काम तीन तासांवर जातं. डबा गोधडीत गुंडाळून ठेवा. घाई करून यीस्ट वाढवू नका, वास येतो.

खमीर_आणि_मी
ताईंशी सहमत. एक राहिलंच. भट्टीतून निघाल्या निघाल्या, गरम असतानाच वितळलेलं लोणी भरपूर चोपडायचं, मग साखर. त्या थरामुळे तो टिकतो. दोनेक आठवडे कागदात गुंडाळून थंड जागी मुरला की चव खरी. म्हणजे २३ तारखेला धावपळ नको, १० च्या आत करून ठेवा. विकत घेणार असाल तरी ऑर्डर आत्ताच द्या.

शरणपूरची
आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या. श्टोलनचं नाव मी याच धाग्यावर ऐकलं. पाहुणीला त्याही खाऊ घाला, ते तिला तिकडे मिळणार नाही. बेकरीतून आम्ही हटकून आणतो ते गुड फ्रायडेचे क्रॉस बन. मसाल्याचे, बेदाणे घातलेले. त्यावरचा क्रॉस मैद्याच्या पेस्टचा, भाजण्याआधीच काढलेला हवा. आयसिंगचा असेल तर घेऊ नका.

चहापाव
आणि रमजानात जुन्या नाशकात शीरमाल, म्हणजे गोडसर रोटी. संध्याकाळी जा, गरम मिळेल. एवढं लिहून भूक लागली.

गंगापूररोडकर
कॅम्पातल्या भट्टीवर जाऊन आलो. चाचा म्हणाले, "दुपारी दोननंतर आणा, पण पीठ सैल नको." ताई, मळायला तुम्ही येणार ना?