मूलपेशी, स्कंदपेशी आणि हर्नियाची जाळी

बोरूबहाद्दर
एका आरोग्य मासिकासाठी हर्नियावरचा लेख मराठीत करतोय. पोटाच्या भिंतीला पडलेल्या भोकावर पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची जाळी बसवतात, इथवर सोपं. पुढचा भाग असा, की बसवण्याआधी त्या जाळीवर स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून निरनिराळ्या पेशी बनू शकतात अशा पेशी, सोडायच्या. म्हणजे शरीर जाळीला परकी समजून तिच्याभोवती जाड व्रण करणार नाही, आतडी तिला चिकटणार नाहीत, अशी आशा. प्रयोग बहुतेक उंदरांवरचे. मी लिहिलं 'मूलपेशी पेरलेली जाळी'. मुद्रितशोधकांनी केलं 'स्कंदपेशीरोपित जालिका'. वाद नको म्हणून आईला वाचायला दिलं. ती म्हणाली, "म्हणजे लहान मुलाच्या पेशी काढून म्हाताऱ्यांच्या पोटात घालतात? शोभतं का हे?" आता काय करू?

शेवगा
आईंचं काय चुकलं? नाळेतल्या पेशी बँकेत ठेवायच्या जाहिराती पाहून आमच्या घरातही हाच समज. मराठीत 'मूळ' असताना 'मूल' कशाला? मूळपेशी लिहा.

तळटीप
समासात तत्सम रूप टिकतं. मूलभूत, मूलद्रव्य. 'मूलद्रव्य' वाचून कुणाला पाळणा आठवतो का? शाळेच्या पुस्तकातही मूलपेशीच आहे. 'स्कंद' मात्र साफ चूक. स्कंद म्हणजे कार्तिकेय. झाडाच्या बुंध्याला स्कंध. पेशव्यांच्या घरी 'ध'चा 'मा' झाला, इथे 'ध'चा 'द' झाला. आणि बुंधा हा अर्थ उगाच नाही आलेला. 1868 साली जर्मनीत जीवशास्त्रज्ञ हेकेलनं 'श्टामझेले' हा शब्द वापरला. त्यातला 'श्टाम' म्हणजे खोड, आणि वंशसुद्धा.

शेवगा
स्कंधावरूनच खांदा आला. खांदापेशी म्हणा, पोटाला खांदा देणाऱ्या!

तळटीप
खांदा कुणाला देतात ते हर्नियाच्या पेशंटसमोर बोलू नका.

काचपट्टी
प्रयोगशाळेत काम करते म्हणून बोलते. तुमचं 'मूल'वर भांडण चाललंय, पण खरी अडचण 'पेरलेली' या शब्दात आहे. जाळीवर वापरून बघतात त्या बहुधा अस्थिमज्जेतल्या नाहीतर चरबीतल्या मेझेन्कायमल पेशी. 'मेझेन्कायमल स्टेम सेल' हे नाव ज्यांनी 1991 साली रुजवलं, त्या आर्नल्ड कॅप्लन यांनीच 2017 साली लिहिलं की हे नाव आता बदला. कारण या पेशी शरीरात गेल्यावर स्वतः नवी ऊती होत बसत नाहीत, आजूबाजूच्या पेशींना रसायनांतून निरोप धाडतात. दाह आवरता घ्या, कोलाजेन नीट घाला, असे. पेरलं की उगवलं पाहिजे ना? इथे बी उगवत नाही, शेजारचं शेत सुधारतं. आम्ही आपसात 'सीड केल्या' म्हणतो, पण ती सवय झाली.

शेवगा
मग विरजण! 'विरजण लावलेली जाळी'.

काचपट्टी
विरजणातले जंतू वाढतातच की. काही प्रयोगांत पेशी फायब्रिनच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या, चिकट द्रवात कालवून जाळीला फासतात. त्याला 'सारवलेली' जास्त शोभेल.

बोरूबहाद्दर
सारवलेली जाळी? संपादक मलाच सारवतील.

ओटीवाली
ओटी म्हणजे पोट नव्हे, ऑपरेशन थिएटर. 24 वर्षं नर्स आहे, 'जालिका' एकदाही कानावर आली नाही. सर म्हणतात "6-3ची दे", म्हणजे 6 इंच बाय 3 इंच. मग कात्रीनं कोपरे गोल करतात, कॉर्डसाठी, म्हणजे वृषणाकडे जाणाऱ्या दोरीसाठी, एका बाजूनं चीर देतात. फ्रॉकचा गळा कापतात ना, तसं. पेशंट 'जाळी टाकली' म्हणतात, खिडकीला टाकल्यासारखं. एका आजोबांनी विचारलं होतं, "सिस्टर, गंजणार नाही ना?"

तापीकाठ
हसू नका, जाळी खिडकीजवळचीच आहे. आमच्या धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियाला वापरलं. गरिबाला विकतची मेश, म्हणजे कंपनीची जाळी, परवडेना म्हणून. 2003 साली त्यांचा निबंध छापून आला. युगांडात अशाच स्वस्त कापडाची नेहमीच्या मेशशी तुलना झाली, तिचे निष्कर्ष 2016 साली आले. वर्षभरात हर्निया उलटण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. तेव्हा 'जालिका' लिहिणाऱ्यांनी आधी बाजारात जाऊन जालिका मागून दाखवावी.

गवंडीपुत्र
जाळी की जालिका हा वाद फालतू आहे. ती ठिगळ आहे की परांची, ते ठरवा. नुसती जाळी म्हणजे ठिगळ. पेशी लावल्या की म्हणतात तिच्या आधारानं भिंत उभी राहील, ती झाली परांची. पण वडिलांकडून शिकलोय, बांधकाम झालं की परांची उतरवतात. पॉलिप्रोपिलीन जन्मभर पोटात राहतं. विरघळणारी जाळी असेल तरच परांची म्हणा.

शेवगा
आणि रफू? आजीच्या गोधडीत ठिगळ वेगळं आणि रफू वेगळं असायचं.

तळटीप
रफू होतंच! 1948 साली मोलोनी या सर्जननी नायलॉनच्या धाग्यानं भोक आडवं-उभं विणून काढलं. इंग्रजीत त्या शस्त्रक्रियेचं नाव सरळ रफू असंच आहे. आपणच लाजतो. बाकी 'पेशी' हा शब्दही तपासा. संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, हिंदीत स्नायू, मराठीनं ती सेलला दिली. हर्नियात मुळात मांसाचीच भिंत सैल झालेली असते...

ओटीवाली
झालं, आता आजोबा आणखी घाबरतील.

बोरूबहाद्दर
मंडळी, अंक मंगळवारी छापायला जातोय. मूल, मूळ की स्कंध?

शेवगा
ते होईल हो. आधी हे सांगा, पिकदाणीत पीक, अत्तरदाणीत अत्तर, मग मच्छरदाणीत माणूस कसा?

तापीकाठ
आमच्याकडे मच्छरदानी म्हणतात, 'दा'नंतर 'नी'.

तळटीप
'दान' फारसी. पण 'णी' मराठीचा आहे, तो सोडू नका. सविस्तर रात्री लिहितो.