मदत हवी आहे: कामवाटपाच्या निर्णयात शिक्षकांना किती सामील करावं?

अनुदानित माध्यमिक शाळा, १२ तुकड्या, १८ शिक्षक. विषयवाटप, वर्गशिक्षक, परीक्षा समिती हे सगळं मुख्याध्यापक एकटे ठरवतात आणि जूनच्या सभेत वाचून दाखवतात. सभेत सगळे गप्प, नाराजी स्टाफरूममध्ये. विज्ञान प्रदर्शनाला किंवा जादा तासांना कुणी आपणहून पुढे येत नाही. सगळंच सभेवर सोडलं तर निर्णय लांबतात. पर्यवेक्षकाने मुख्याध्यापकांपुढे नेमकी कोणती पद्धत मांडावी?

उत्तर १
एकट्याने निर्णय घेणं दर वेळी चूक नसतं. नेतृत्व आणि निर्णयप्रक्रियेचे अभ्यासक व्रूम आणि येटन यांनी १९७३ मध्ये हेच मांडलं: कुणाला किती विचारायचं, ते निर्णयागणिक बदलतं. मुलांची सुरक्षितता, यू-डायसची (शाळेची माहिती सरकारी नोंदीत भरण्याची) मुदत यांवर चर्चा नको, सरळ आदेश द्यावा. सहल, स्नेहसंमेलन, घटक चाचणीचा आराखडा पूर्णपणे शिक्षकांकडे सोपवावा.

खरी अडचण विषयवाटपाची. एप्रिलमध्येच प्रत्येकाकडून पसंतीपत्रक घ्या: हवे असलेले दोन विषय इयत्तेसह आणि नको असलेलं एक काम. कच्चं वेळापत्रक चार दिवस स्टाफरूममध्ये लावा, हरकती लेखी घ्या. शेवटचा शब्द मुख्याध्यापकांचाच, पण जी हरकत मान्य झाली नाही तिचं कारण सभेत सांगायचं आणि इतिवृत्तात लिहायचं. ही पायरी गाळली की पसंतीपत्रक म्हणजे निव्वळ देखावा, आणि आधीच ठरवून मग मत विचारणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. पुढच्या वर्षी कोरे कागद परत येतात.

उत्तर २
वरच्याशी सहमत. भर घालतो.

दहावी कायम सेवाज्येष्ठांकडे आणि पाचवी-सहावी कायम नवीन शिक्षकांकडे, यात नव्यांचा उत्साह दोन-तीन वर्षांत संपतो. आठवीला जो शिक्षक तोच त्या तुकडीला दहावीपर्यंत, असं चक्र लावून बघा. गणित-विज्ञानाला हे विशेष जमतं, कारण कच्चा राहिलेला भाग कुठला ते त्यालाच ठाऊक असतं.

बदली तासांची (गैरहजर शिक्षकाच्या जागी घ्यायच्या तासांची) नोंद सर्वांना दिसेल अशी ठेवा. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही त्याच्याच माथी ते पडत राहतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकांना जुंपता येत नाही. जनगणना-निवडणुकीची कामं वरून येतात, तेव्हा आदेशाची प्रत फळ्यावर लावा. नाहीतर तो रागही मुख्याध्यापकांवरच निघतो.