माडावरचा उंदीर परका कसा?

खाजणवाट: काल या चर्चेत कुणीतरी ठोकून दिलं, की माडावरचे काळे उंदीर जहाजांतून आलेले परके, चार शेपट्या डीएनए तपासायला प्रयोगशाळेत धाडा, कुठल्या बंदरातून आले ते कळेल. अहो, काळा उंदीर मूळचा भारतीय द्वीपकल्पातलाच! इथूनच तो पश्चिमेला गेला. युरोपात रोमन काळात एकदा आणि मध्ययुगात पुन्हा, हे जुन्या हाडांतल्या डीएनएवरून २०२२ मध्ये मांडलं गेलं. परका म्हणायचाच तर तपकिरी उंदीर, त्याचं मूळ उत्तर चीन-मंगोलियाकडचं.

बंदरकाठ: मूळ इथलं म्हणजे आजचा प्रत्येक इथलाच? जहाजांतून बाहेरचे उतरतातच. काळ्या उंदराचा आशियाई भाऊबंद टॅनेझुमी, त्याची गुणसूत्रं ४२, आपल्या काळ्याची ३८. नुसतं बघून ओळखून दाखवा. सायटोक्रोम-बी हा मायटोकाँड्रियातला (पेशीच्या ऊर्जाघरातला) जनुक वाचला, डीएनएची ११४० अक्षरं, की वंश कळतो.

खाजणवाट: आईकडचाच कळतो, तो डीएनए फक्त आईकडून येतो! जहाजातून उतरलेल्या नराची पिल्लं त्या चाचणीत इथलीच दिसणार, कारण आई इथली. पेशीच्या केंद्रकातल्या, आई-बाप दोघांकडून येणाऱ्या डीएनएच्या खुणाही तपासायला हव्यात. शिवाय तुलनेला कोलंबोचा नमुनाच नसेल, तर कोलंबोचा उंदीरही भलत्याच बंदराचा ठरेल. एका घरातले दहा पकडले तर दहाही भावंडं असू शकतात. कानाची २ मिमी कड ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मलिनमध्ये नको, डीएनएचे तुकडे होतात. चिमटा दरवेळी पुसून ज्योतीवर धरा, नाहीतर एका नळीत दोन उंदरांचा डीएनए.

माडकरी: ता सगळा ऱ्हवांदे. कोवळो नारळ देठाकडे पोखरून खाली टाकता, तेचा काय ता सांगा.

बंदरकाठ: पत्रा मारा.

माडकरी: मारलो. उंदीर वरच.

पाणंद: कसला पत्रा? ४० सेंमी रुंद, जमिनीपासून २ मीटरवर, खोडाला घट्ट, वर-खाली फट नको. आणि शेजारच्या माडाची झावळी टेकलेली असेल तर पत्रा शोभेला. मग उंदीर खालून चढतच नाही, झावळीवरून झावळीवर येतो. आधी ती छाटा.

बंदरकाठ: त्यापेक्षा ब्रोमॅडिओलोन या उंदीरविषाच्या मेणवड्या. ०.००५ टक्के, १० ग्रॅमची वडी, पाच माडांपैकी एकाच्या शेंड्यात, १२ दिवसांनी पुन्हा.

पाणंद: आणि ते विषारी उंदीर खाऊन घुबड मेलं की पुढच्या मोसमात उंदीर आणखीच. शाब्बास!

बंदरकाठ: घुबडावर एवढी माया, तर नारळ त्यालाच विकून दाखवा.

खाजणवाट: भांडा खुशाल. पण विषापूर्वीच्या उंदरांचे कान जपा. नंतर पुन्हा उंदीर दिसले, तर ते वाचलेल्यांचे वंशज की बाहेरून आलेले, हे जुन्या नमुन्यांशी ताडून कळतं. बेटांवर उंदीर संपवताना हेच करतात.

पाणंद: बेटावर ठीक. वाडीत कुंपणापलीकडून रोज येतात, त्याला डीएनए कशाला?

खाजणवाट: बरं, वाडीपुरतं मान्य. बंदराच्या गोदामात मात्र कान कापायचे.

माडकरी: कापा. पण झावळी आधी.