बसऱ्याला गेलेले पणजोबांचे थोरले भाऊ परत आलेच नाहीत, माग कसा काढायचा?

चाकरमानी_खेड
नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यात. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ जर्मनच्या लढाईत (म्हणजे पहिलं महायुद्ध) पलटणीत होते आणि "बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत" (बसरा आताच्या इराकात) एवढंच घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढे काय झालं याच्या तीन-चार कथा आहेत, कोणी म्हणतं गोळी लागली, कोणी म्हणतं पळून गेले, आणि एक आत्या तर ठामपणे सांगते की तिकडेच लग्न करून राहिले म्हणून. त्यांच्या बायकोने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नव्हतं असं आजी सांगायची, त्यामुळे घरच्यांनी मेले असं कधी मानलंच नाही.

मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर आडनाव टाकून बघितलं, शेकडो नावं येतात पण आमचं म्हणावं असं एकही नाही. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद शोधून घेतली, तीही नाही. तालुक्याच्या एका ऑफिसात गेलो तर "एवढं जुनं कशाला पाहिजे, दाखला काढायचाय का" असा प्रश्न आला, नाही म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्टच संपला. कागद असा घरात एकही नाही. आजीच्या तोंडी "जंगी पलटण" हा शब्द मात्र असायचा, पण तो कौतुकाने म्हणायची की खरंच नाव होतं कुणास ठाऊक. पुढे कसं जावं? कोणी असं काही शोधलंय का?

पलटणवाले_काका
जंगी पलटण हे कौतुक नाही हो, ते खरंच नाव आहे. आज मराठा लाईट इन्फंट्रीची पहिली बटालियन जंगी पलटण म्हणून ओळखली जाते, आणि महायुद्धात तिचा नंबर होता १०३, म्हणजे १०३ मराठा लाईट इन्फंट्री. १९२२ साली सगळ्या पलटणींचे नंबर बदलले, त्यामुळे आजचा नंबर धरून जुन्या कागदात शोधलं तर काही हाती लागत नाही. १०३ ची पहिली झाली, १०५ ची दुसरी (टोपणनाव काळी पाचवी), ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. आजीने तुमचं निम्मं काम करून ठेवलंय बघा.

आता १०३ म्हटलं की कुट-अल-अमारा आलंच. बसऱ्याहून टायग्रीस नदीच्या काठाकाठाने वर गेलेली जनरल टाउनशेंडची सहावी पूना डिव्हिजन तिथे अडकली, ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला अन्न संपल्यावर शरणागती. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी आत होत्या. सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या हाती गेले, त्यात बहुतेक आपले हिंदी. घोड्यांचं मांस खाऊन दिवस काढलेली ही माणसं, अंगात ताकद नाही, आणि त्यांना उन्हातून चालवत आधी बगदादला, तिथून मोसूलमार्गे पार रास-अल-ऐनपर्यंत नेलं आणि रेल्वेच्या कामाला लावलं. वाटेत आणि छावण्यांत किती गेले त्याचा नीट हिशोब कोणी ठेवला नाही. म्हणून अशा लोकांच्या मृत्यूच्या तारखेवर फार विसंबू नका, बऱ्याचदा ती मागाहून अंदाजाने लावलेली असते.

घरात पदक आहे का ते आधी विचारा, फक्त तुमच्या घरात नाही, सगळ्या चुलत घरांत. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आणि मयताच्या वारसाला कांस्याची एक गोल थाळी द्यायचे, साधारण १२ सेंटिमीटरची, त्यावर ब्रिटानिया बाई आणि सिंह, मध्ये फक्त नाव, हुद्दा नाही. ती मिळाली तर सरकारदरबारी मेले अशी नोंद झाली होती हे पक्कं.

चाकरमानी_खेड
काका, अंगावर काटा आला वाचून. गावच्या चुलत्यांना फोन केला, ते म्हणतात सिंहवाली पितळी थाळी लहानपणी माळ्यावर बघितल्याचं आठवतंय पण घर मोडून नवीन बांधलं तेव्हा सगळं भंगारात गेलं. डोक्याला हात लावला मी.

उगाच_एक
आत्या बरोबर असेल हो, बसऱ्यात तुमचे चुलतभाऊ असतील, तेलाच्या विहिरी वगैरे. हक्क सांगा.

नोंदवही
वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा. थाळी होती म्हणजे कमिशनच्या यादीत ते असायला हवेत, तुम्ही शोधताय ती पद्धत बदला.

आडनावाने शोधू नका. त्या वेळी भरतीचा कारकून ऐकेल तसं इंग्रजीत लिहायचा, आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं नाव आणि पुढे राव, किंवा बापाचं नावच आडनावाच्या जागी. साळुंखेचे पाच अवतार मी स्वतः बघितलेत. त्याऐवजी अॅडव्हान्स्ड सर्चमध्ये जा, पहिलं महायुद्ध निवडा, इंडियन आर्मी निवडा, रेजिमेंटमध्ये मराठा लिहिताना जुनं स्पेलिंग टाका (एम-ए नंतर एच आणि पुढे दोन टी), स्मारक म्हणून बसरा मेमोरियल. मग जी यादी येईल ती एक्सेलमध्ये उतरवता येते. त्यात एक जादा माहितीचा कॉलम असतो, तिथे बऱ्याच जणांच्या बाबतीत "अमुकचा मुलगा, अमुक गाव, तालुका, जिल्हा" असं लिहिलेलं सापडतं. त्या कॉलममध्ये वडिलांचं नाव आणि गाव शोधा, गावाचं स्पेलिंग चार-पाच तऱ्हेने करून. खेड शोधताना सावध राहा कारण पुणे जिल्ह्यातलं खेड (आताचं राजगुरुनगर) पण त्याच यादीत येतं आणि तिथलेही भरपूर लोक पलटणीत होते. जिल्ह्यांची नावंही त्या काळची धरा, रायगड नाही कुलाबा, आणि सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला म्हणून मालवण, कणकवलीचे लोकसुद्धा रत्नागिरीतच दिसतील. शेवटी बॉम्बे लिहिलं असेल तर शहर समजू नका, तो इलाखा.

आणि एक गोष्ट जी कळल्यावर मला फार राग आला होता. बसरा मेमोरियलवर ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून जास्त लोकांची आठवण आहे, पण भिंतीवर नावं गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या शिपायाचं नाव कोरलंच नाही, पलटणीखाली "आणि इतके इतर हिंदी सैनिक" असा नुसता आकडा. २०२१ मध्ये कमिशनने चौकशी अहवाल काढून याबद्दल माफी मागितली. त्यामुळे कोणी स्मारकाच्या पाट्यांचे फोटो बघून "नाव नाही" म्हणालं तर त्याला काही अर्थ नाही, शिपायांची नावं रजिस्टरमध्ये आहेत, दगडावर नाहीत.

बाकी ठिकाणं थोडक्यात. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत पण तिथे साहेबांची माहिती मिळते, शिपायाची सर्व्हिस फाइल जवळपास नाहीच. २०२१ ला गाजलेली लाहोरची सैनिकांची रजिस्टरं फक्त पंजाबची, त्यात वेळ घालवू नका. रेडक्रॉसने युद्धकैद्यांची कार्डं ऑनलाइन ठेवलीत, पण नाव टाइप करून थेट मिळत नाही, फोटो चाळत बसावं लागतं, शेवटचा उपाय म्हणून ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल फुकट आहे, पलटणीच्या हालचाली समजायला बरं. आणि १०३ मध्ये नाहीच सापडले तर इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट बघा, टायग्रीसवरच्या बोटी चालवायला कोकणातले खलाशी खूप नेले होते, घरी मात्र सगळ्यालाच "पलटण" म्हणायचे.

मोडी_वाचक_ताई
गावच्या मृत्यू रजिस्टरात नाव नाही म्हणून खट्टू होऊ नका, ते असणारच नाही. त्या वहीत गावात मेलेल्याची नोंद होते, इराकात मेलेल्याची कोण करणार? आणि तुमच्याकडे तर बायकोनेच मेले म्हणून मान्य केलं नाही.

मी असते तर थेट जमिनीकडे गेले असते. माणूस परत न आल्याचं दुःख घरात राहतं पण त्याच्या वाट्याच्या जमिनीचं काय करायचं हा प्रश्न कधी ना कधी तलाठ्यासमोर येतोच. आपल्याकडे हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्याने सुरू झाली आणि १९१३ नंतर ती जमीन महसूल कायद्यातच आली, म्हणजे युद्धाच्या काळातले फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी) असायला हरकत नाही. त्यात वारस नोंद लावताना कारण लिहावं लागतं, "लढाईत मयत" किंवा "बरेच वर्षांपासून परागंदा" असं काहीही असू शकतं. सात वर्षं काही खबर नसेल तर माणूस मयत धरायचा हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता, त्यामुळे १९२३-२४ च्या पुढचे फेरफार नीट बघा, १९१६-१७ चेच बघून थांबू नका. पत्नीचं नाव लागलं का भावाचं, यावरूनही बरंच कळतं. तिचं "विधवा" म्हणून लागलं असेल तर घरात काहीही बोलत असोत, कागदाने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

सर्व्हे नंबर, गट नंबर नसला तर चुलत्यांकडच्या आताच्या साताबाऱ्यावर फेरफार नंबर असतात, तिथून मागे मागे जायचं. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार आपले अभिलेख पोर्टलवर स्कॅन करून टाकलेत. बाकीचे तहसीलच्या अभिलेख कक्षात. ऑफिसात "पूर्वजांचा शोध" असं म्हणू नका, कोणाला कळत नाही, सरळ फेरफाराच्या नकलेचा अर्ज द्या. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी शिंदे समिती आली तेव्हापासून या दप्तरांवरची धूळ तरी झटकली गेली आहे, कुठे काय ठेवलंय ते आता तिथल्या लोकांना सांगता येतं. जुनं पान मोडीत निघालं तर घाबरू नका.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पण बघून घ्या, घरातलं कोणी त्या काळात गेलं असेल तर भावंडांची नावं लिहून घेतलेली असतात. पलटण नाही कळणार, पण नेमकं नाव कळेल, आणि तुमची अडचण नावाचीच आहे.

पलटणवाले_काका
ताईंनी लाखातलं सांगितलं. एक राहिलं, गावात शाळेजवळ किंवा जुन्या चावडीच्या भिंतीत दगडी पाटी आहे का बघा, "या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले" अशी. नावं नसतात, आकडाच असतो. पण मेलेल्यांचा आकडा एक असेल तर तो कोण हे तुम्हीच सांगू शकता.

चाकरमानी_खेड
नोंदवहींनी सांगितलं तसं एक्सेल काढलं. दोन जण निघालेत. एक १०३ मधला, आडनाव आमचंच (स्पेलिंग इतकं विचित्र की मी कधीच टाकलं नसतं), तारीख १९१६ च्या नोव्हेंबरची, म्हणजे शरणागतीनंतरची, पण गाव, वडील काहीच लिहिलेलं नाही. दुसरा ११० मधला, वडिलांचं नाव आमचं, तालुका खेड, जिल्हा रत्नागिरी, पण आडनावाच्या जागी नुसतं राव. आजीची जंगी पलटण धरायची का वडिलांचं नाव धरायचं? पाटी आहे गावात, चुलते म्हणाले, पण चुना मारून मारून अक्षरं दिसत नाहीत. गणपतीत जाणार आहे तेव्हा पाटी आणि फेरफार दोन्ही बघतो.

नोंदवही
दोन्ही धरून ठेवा, आत्ता एकही खोडू नका. शिपायाचा नंबर पलटणीपुरताच असतो, त्यामुळे दोघांचे नंबर पलटणीसकट लिहून घ्या. ११० पण कुटमध्येच होती, त्यामुळे घरची कथा दोघांनाही लागू पडते. वडिलांचं नाव तालुक्यात किती जणांचं असेल याचाही विचार करा, आमच्याकडे अर्ध्या गावाच्या आजोबांचं नाव एकच.

मोडी_वाचक_ताई
पाटीवरचा चुना खरवडू नका, अक्षरं जातील. संध्याकाळी एका बाजूने टॉर्च धरून फोटो काढा, खोदलेलं उठून दिसतं. फेरफाराचा फोटो काढताना फ्लॅश बंद, पूर्ण पान एकदा आणि मग जवळून, कडेचे शेरे सोडू नका, वारसाचं कारण पुष्कळदा तिथेच कोंबलेलं असतं. इथे टाका, वाचून देते.