सुझुकी आडनावाची तीनच माणसं, वेळ १५ मिनिटं. कोण निवडू?

मृण्मयी_रोहेकर
नमस्कार मंडळी. पुण्यात जपानी शिकतेय, एन-४ या जपानी भाषेच्या परीक्षेची तयारी चालू आहे. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे बाईंनी, वर्गात प्रत्येकाला एकेक जपानी आडनाव वाटून दिलंय. त्या आडनावाच्या माणसांवर १५ मिनिटं बोलायचं. मला 'सुझुकी' आलं. सातोच्या खालोखाल जपानात हेच आडनाव सर्वाधिक, त्यामुळे यादी करायला बसले आणि वहीची दोन पानं भरली. तीनच माणसं घ्यायची आहेत. गाडीवाले सुझुकी नकोत, ते वर्गात सगळ्यांना माहीत आहेत. एखादं पुस्तक घ्यावं लागलं तर ५००च्या आत. शनिवारी बोलायचंय.

शेखरदादा_नाशिक
गाडीवाले नकोत हे वाचलं, तरी सांगतो. आमच्या दारात १९९२ची मारुती ८०० उभी होती, सोळा वर्षं वापरली, सप्तशृंगीच्या घाटात एकदाही दगा दिला नाही. आणि सगळ्यांना माहीत आहे म्हणता, तर वर्गात विचारून बघा, ओसामू सुझुकींचं मूळ आडनाव किती जणांना सांगता येतं ते. ते मात्सुदा! सुझुकी घराण्यात लग्न झालं आणि सासरचं आडनाव घेतलं. कंपनी काढणारे मिचिओ सुझुकी, त्यांनी १९०९ला हामामात्सुला कापड विणायचे माग बनवण्यापासून सुरुवात केली. ओसामूंनी १९८२ला भारताशी करार केला, डिसेंबर १९८३ला पहिली गाडी बाहेर पडली. २५ डिसेंबर २०२४ला गेले, पुढच्या महिन्यात मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. यांना वगळून सुझुकींवर बोलायचं म्हणजे काय?

अनघा_बोरिवली
म्हणजे घरजावई.

कावेरी_तोक्यो
अनघाताई, घरजावई हा शब्द तिथे लागू होत नाही. आपल्याकडे त्या शब्दाला कमीपणा चिकटलाय. जपानात 'मुकोयोशी' म्हणजे जावयाला रीतसर दत्तक घेतात, तो त्या घराचा वारस होतो आणि घराण्याचा धंदा पुढे नेतो. यात मान आहे. मी इथे अकरा वर्षं राहते, माझ्या शेजारच्या सोया सॉसवाल्यांच्या घरी हेच आहे.

व्हायोलिनची_आई
शिनइची सुझुकी. दुसरं नाव घेऊ नकोस. माझी मुलगी साडेचार वर्षांची असल्यापासून त्यांच्या पद्धतीने शिकली, आज ती तेरा वर्षांची आहे आणि कान इतका तयार आहे की कुकरची शिट्टी कुठल्या सुरात आहे ते सांगते. जपानी मुलं जपानी कशी शिकतात? ऐकून, पुन्हा पुन्हा बोलून. मग वाद्यही तसंच शिकवता येईल, हा त्यांचा साधा विचार. म्हणून तिला मातृभाषेची पद्धत म्हणतात. नोटेशन नंतर, आधी कान. आणि आईने रोज मुलासोबत बसायचं. हे लिहायला सोपं आहे, मी नऊ वर्षं बसलेय. आमच्या पहिल्या शिक्षकांनी दोन वर्षं फी घेऊन पद्धत अर्धीच शिकवली, ते दुःख अजून आहे. पण शिनइचींचा त्यात काय दोष?

शेखरदादा_नाशिक
हे शिनइची आमच्याच सुझुकींच्या घरातले ना?

व्हायोलिनची_आई
नाही हो. हे नागोयाचे. वडील मासाकिची सुझुकी, त्यांचा व्हायोलिनचा कारखाना होता. शिनइची १८९८चे, तरुणपणी बर्लिनला शिकले, पत्नी जर्मन, युद्धानंतर मात्सुमोतोला शाळा. १९९८ला गेले, शंभरीला काही महिने कमी होते.

प्रायोगिक_रंगकर्मी
'सुझुकी पद्धत' म्हटलं की सगळे व्हायोलिन धरतात याचा मला त्रास होतो. तादाशी सुझुकींची नटांसाठीची सुझुकी पद्धत वेगळी आहे. पाय! सगळं पायांत. जमिनीवर पाय आपटत चालायचं, कमरेखाली शक्ती आणि वरचं अंग शांत, आवाज पोटातून. मी एका कार्यशाळेत चार दिवस केलं आणि आठवडाभर जिना उतरता येत नव्हता, कारण शिकवणाऱ्याने आधी पाय मोकळे करून घेतले नाहीत. तरी सांगतो, त्या चार दिवसांनी माझं उभं राहणं बदललं. १९७६ला हा माणूस तोक्यो सोडून तोगा नावाच्या डोंगरातल्या खेड्यात गेला आणि तिथल्या जुन्या गवती छपराच्या घराचं नाट्यगृह केलं. पुण्यात बोलायचंय ना? पुण्यात नाटक कळतं.

धम्मसखा
झेन, म्हणजे ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ. त्यात दोन सुझुकी, आणि लोक कायम घोळ करतात. मीही केला. एकाचं पुस्तक मागवलं, दुसऱ्याचं समजून तीन महिने वाचत बसलो. डी. टी. म्हणजे दाइसेत्सु तेइतारो सुझुकी, कानाझावाचे, १८७० ते १९६६. हे विद्वान, इंग्रजीत लिहून झेन पश्चिमेला पोचवलं, कोलंबिया विद्यापीठात शिकवलं. शुनर्यू सुझुकी हे झेनमधल्या सोतो शाखेचे भिक्षू, १९५९ला सान फ्रान्सिस्कोला गेले आणि तिथे लोकांना बसायला शिकवलं. म्हणजे अक्षरशः भिंतीकडे तोंड करून बसायला. १९७१ला गेले. मला विचाराल तर शुनर्यूंचं छोटं पुस्तक घ्या. किंमत तुमच्या अंदाजापेक्षा थोडी जास्त पडेल, पण पैसे वसूल.

कावेरी_तोक्यो
+१. दोन सुझुकी वेगळे आहेत, एक विद्वान आणि एक भिक्षू.

धम्मसखा
हेच तर लिहिलं वर.

जर्सीचा_अभय
इचिरो!! कोणीच कसं लिहिलं नाही? मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, इथे येऊन बेसबॉल बघायला लागलो तो या एका माणसामुळे. २००४ला एका मोसमात २६२ हिट्स, चौऱ्याऐंशी वर्षांचा विक्रम मोडला. २०२५ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, ३९४पैकी ३९३ मतं. आणि तुझ्या विषयाला चपखल गोष्ट: जपानात असताना त्याच्या शर्टावर आडनावाऐवजी 'इचिरो' लिहायला लागले, कारण सुझुकी इतके की त्या नावाने कोण ओळखणार! आपल्याकडे पाटलांचं होतं तसंच.

जहाजी_काका
मुलांनो, खेळ आणि नाटक ठीक आहे. कांतारो सुझुकी. नौदलाचे ॲडमिरल. १९३६च्या बंडात सैनिकांनी घरात घुसून गोळ्या घातल्या, तरी वाचले. एप्रिल १९४५ला, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी पंतप्रधान, आणि ऑगस्टमध्ये शरणागती त्यांच्याच सरकारने स्वीकारली. पुढे १९८०ला झेन्को सुझुकी पंतप्रधान झाले, ते वेगळे. मी व्यापारी जहाजावर तीस वर्षं काढली, योकोहामाला किती वेळा गेलो याची गणती नाही.

रसायन_अंकलेश्वर
अकिरा सुझुकी, २०१०चं रसायनशास्त्राचं नोबेल, हेक आणि नेगिशी यांच्यासोबत. बोरॉन असलेला एक रेणू, दुसरा हॅलोजन असलेला, मध्ये पॅलेडियम, आणि कार्बनला कार्बन जोडला जातो. आम्ही प्लांटमध्ये 'आज सुझुकी लावलीय' असंच म्हणतो. या धाग्यावर ज्यांना रक्तदाबाची लोसार्टन चालू असेल, त्या गोळीच्या रेणूतला तसला जोड या अभिक्रियेने घालता येतो. आणि त्यांनी पेटंट घेतलं नाही! होक्काइदो विद्यापीठातला माणूस, जगाला मोकळं देऊन टाकलं.

निवृत्त_बाई_दापोली
विज्ञानातलेच घ्यायचे तर उमेतारो घे गं. मी छत्तीस वर्षं शाळेत जीवनसत्त्वं शिकवली आणि पाठ्यपुस्तकात हे नाव एकदाही नव्हतं. जपानात कोंडा काढून पांढराशुभ्र केलेला तांदूळ खाणाऱ्यांना बेरीबेरी व्हायचा. पाय सुजायचे, हृदय थकायचं. रशियाबरोबरच्या १९०४-०५च्या युद्धात त्यांचे हजारो सैनिक या रोगाने मेले. उमेतारो सुझुकींनी १९१०ला तांदळाच्या कोंड्यातून तो रोग बरा करणारा पदार्थ वेगळा काढला. नाव दिलं ओरायझानिन, भाताच्या ओरायझा या शास्त्रीय नावावरून. तेच आपलं ब-१. पण लेख जपानीत, जर्मन भाषांतरात हे नवं पोषकद्रव्य आहे ही मुख्य गोष्टच आली नाही. 'व्हिटॅमिन' हा शब्द नंतर फुंक नावाच्या शास्त्रज्ञांनी दिला आणि नाव त्यांचं झालं. १९२९चं नोबेल आइकमन आणि हॉपकिन्स यांना. आमच्याकडे उकडा तांदूळ खातात, भात उकडताना कोंड्यातलं ब-१ दाण्यात उतरतं. आजीला हे ठाऊक नव्हतं, पण जेवणात होतं.

अनघा_बोरिवली
पण या आडनावाचा अर्थ काय?

कावेरी_तोक्यो
लिपीत 'सुझु' म्हणजे घंटी आणि 'की' म्हणजे झाड. पण ती चिन्हं उच्चारावरून नंतर लावलेली. नाव आलं किई नावाच्या द्वीपकल्पातल्या कुमानो भागातून, हल्लीचा वाकायामा. तिथे कापलेल्या भाताच्या पेंढ्या रचून मधोमध खांब उभा करायचे, त्यावर देव उतरतो अशी श्रद्धा. त्या राशीला 'सुसुकी' म्हणत, त्यावरून सुझुकी, असं मानतात. काइनान गावात फुजिशिरो देवस्थानाजवळ सुझुकींचं मूळ घर आहे. तिथले लोक कुमानोच्या देवाचा प्रसार करत देशभर फिरले, आडनावही पसरलं. पुढे १८७५ला प्रत्येकाने आडनाव लावायचं असा सरकारी हुकूम निघाला.

शेखरदादा_नाशिक
मग ठरलं का? ओसामू, शिनइची, इचिरो. गाडी, गाणं, खेळ.

प्रायोगिक_रंगकर्मी
तादाशी नसतील तर सादरीकरण अपुरं.

मृण्मयी_रोहेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सगळं वाचून काढलं आणि ठरवलं. रागावू नका. तीन माणसं घेत नाहीये. एकच घेतेय, उमेतारो. बाकीचा वेळ त्या पेंढ्यांच्या राशीला.

कावेरीताईंनी ती रास लिहिली आणि मला एकदम रोह्याची आमची उडवी दिसली. दिवाळीनंतर अंगणात आजोबा भाताचे भारे गोल रचायचे, मध्ये बांबू. आम्ही पोरं तिच्यामागे लपायचो आणि अंग खाजवत घरात यायचो. म्हणजे तिकडे भाताच्या राशीवरून नाव पडलं, आणि त्याच नावाच्या एका माणसाने भाताच्याच कोंड्यात औषध शोधलं. सेन्सेईंना फोनवर विचारलं. म्हणाल्या, तीन माणसांची अट तुझीच होती, मी फक्त १५ मिनिटं सांगितली होती.

पुस्तकाचे ५०० वाचले. बाईंना एक विचारायचंय: कोंडा वर्गात दाखवायला न्यायचा तर गिरणीतून आणलेला किती दिवस टिकेल?

निवृत्त_बाई_दापोली
ताजाच ने. कोंड्यात तेल असतं, दोन-तीन दिवसांत खवट वास मारतो. शुक्रवारी संध्याकाळी आण आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेव. तूस वेगळं, कोंडा वेगळा, गिरणीवाल्याला नीट सांग, नाहीतर तूसच देईल.

जर्सीचा_अभय
इचिरोची शर्टाची गोष्ट तरी घे, तीस सेकंद लागतील.

मृण्मयी_रोहेकर
तेवढी घेते, सुरुवातीलाच.