मदत हवी आहे: पावसाळ्यात मिठाच्या कणकेची खेळणी वाळवायची कशी?

सिंहगड रोड, पहिला मजला. रेड अलर्ट लागला की शाळा बंद, मुलं (वय ३ आणि ८) दिवसभर घरात. दोघंही तासन्‌तास रमतात ती मिठाच्या कणकेत: २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, पाऊण वाटीच्या आसपास पाणी, चमचाभर तेल. खेळण्यापुरती ती उत्तमच आहे, पण केलेल्या वस्तू टिकत नाहीत.

मीठ हवेतली ओल ओढतं, त्यामुळे पंख्याखाली ठेवलेल्या पणत्या सकाळी घामेजलेल्या आणि चिकट. मीठ निम्मं केलं तर तळाशी काळी बुरशी धरते. मंद तव्यावर ठेवल्या. वरचा थर आधी सुकून आक्रसला, कडेला बारीक भेगा, आत मऊच. अर्धवट ओल्या वस्तूवर फेव्हिकॉल लावला तर ओल आतच कोंडली.

ओव्हन नाही. मायक्रोवेव्ह साधा आहे, कन्व्हेक्शनचा नाही, शिवाय वीज बेभरवशाची, म्हणून गॅसवरचाच उपाय हवा. धाकटी वस्तू तोंडात घालते. एवढं मीठ तिच्या पोटात जायला नको म्हणून तिला वेगळी, बिनमिठाची कणीक देऊन ती रोज टाकून देते. शाडू नको, या हवेत तोही वाळत नाही.

आता केकसारखं कुकरमध्ये, शिट्टी आणि रिंग काढून, तळाशी वाळू घालून भाजायचा विचार आहे. कोणी केलंय का? अर्धा सेंटीमीटर जाडीला आच किती, वेळ किती, आणि वाफ जायला झाकण थोडं उघडं ठेवायचं का?